बोटांचं काय

डॉक्टर गायधनींनी रिपोर्ट पालथा घातला
आणि पाठकोऱ्या बाजूला मधोमध रेघ मारली.
डावीकडे चार.
दर तीन आठवड्यांनी एक, संक्रांतीपर्यंत मोकळ्या.
उजवीकडेही चार, पण लाल औषधाच्या,
आणि त्यानंतर दर आठवड्याला एक, अशा बारा.
केस दोन्हीकडे जाणार.
तिथे त्यांनी रेघ ओलांडून एकच कंस काढला,
जागा वाचवली.

गाठ दीड सेंटिमीटर होती. काखेतल्या एकीतच पोचलेलं.
"लवकर आलात," ते म्हणाले,
जशी काही मी बिटकोवरून आधीची बस पकडली होती.

मला बोटं घेऊन आली होती.
एकवीस वर्षं नोट प्रेसमध्ये तपासणीला आहे.
अंक सरकलेला, शाई उठलेली, कागदात केसाएवढी सुरकुती:
डोळ्याच्या आधी अंगठ्याला कळतं.
आंघोळीला साबण फिरवताना
हा अंगठा थांबला.
मग मी थांबले.
बादली भरून पाणी मोरीत वाहत राहिलं.

आता कागद वाचते.
उजवा रकाना, खालून दुसरी ओळ:
बोटांना मुंग्या, बधिरपणा. बहुतेकांचा जातो.
'बहुतेकांचा'च्या खाली मी नखानं खूण केली.
तिच्या वर: हृदयावर ताण, आधी इको.
डावीकडे नखं, अंगावर सूज,
ताप आला तर रात्री दोनलाही फोन करा.
मुंग्या तिथेही आहेत. कमी.

ऋजुतानं घरी लॅपटॉपवर तोच तक्ता केला,
तीन रंगांत. आईच्या अंगाचा तक्ता
इतका नीटनेटका बघून
मला तिला पेढा द्यावा की थोबाडीत, कळेना.
कोठुळेबाईंनी कॅन्टीनमध्ये आवाज खाली आणून सांगितलं,
लाल नको गं, आमच्या नणंदेला तीन दिवस पाणी पचलं नाही.
नणंद आता कुठे असते?
सिन्नरला. सून आली तिला. मजेत आहे.

"फरक किती पडतो?" मी विचारलं.
"शंभर बायकांत दोघी. फार तर तिघी.
उजवीकडे गेलं तर तेवढ्यांना परत येत नाही."
हे शेजारी बसले होते, यांनी श्वास सोडला:
दोनच ना.

दोनच.
शंभराच्या पाकिटात दोन खराब नोटा गेल्या
तर आमच्याकडे माल परत उतरवतात,
कुणाच्या हातून गेलं ते शोधतात,
आणि त्या संध्याकाळी भोंगा झाला तरी कुणी डबा उचलत नाही.
मला दोन हा आकडा लहान वाटणारच नाही.
तसं शिकवलेलंच नाही मला कुणी.

"त्या दोघी कोण, आधी कळतं?"
"नाही."
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

द्वारकेच्या कोंडीत बस पाऊण तास उभी.
कंडक्टरनं दहाची जुनी नोट परत दिली,
धुतलेल्या रुमालासारखी मऊ.
न बघता कडेवरून बोट फिरवलं. कोपऱ्यात चिकटपट्टी.
हे म्हणाले, परत कर ना.
मी ठेवून घेतली.

गुरुवारी तक्त्यात नसलेलं तेवढं विचारलं:
मुंग्या सुरू झाल्या तर मध्येच थांबता येतं?
डॉक्टर म्हणाले, कमी करता येतं, थांबवताही येतं,
पण पहिल्या दिवशी सांगायचं. बायका सांगत नाहीत,
शर्टाचं बटण लागेना झालं की मग सांगतात.
मी म्हटलं, माझ्या बोटांचं मला पहिल्या दिवशी कळेल.

ऑपरेशन डावीकडचं,
म्हणून सुई उजव्या हातात, कामाच्या.
नर्स तळहात चोळत होती, शीर वर येईना,
नोव्हेंबर, नाशिकची थंडी, वर एसी.
समोर संमतीचा फॉर्म. उजवा रकाना.
सहीआधी सवयीनं कागद चिमटीत धरला.
सत्तर जीएसएम असेल. जरा दमट.
वरच्या कडेला कात्री तिरकी गेलेली.